उठायचा नियम

जाहिरात दोन बोटं रुंद होती. वर बोअरच्या मोटारी भरून देणाऱ्याचा फोटो, खाली हरवलेल्या गुणपत्रिकेची सूचना, आणि मधल्या जागेत हे: लहान कर्ज घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नवे नियम करायचे आहेत, मसुदा तयार आहे, जनतेनं आपल्या सूचना द्याव्यात. गुरुवारी अकरा वाजता घाटंजीच्या मंगल कार्यालयात मुंबईचे अधिकारी सूचना ऐकून घेतील.

विहारात पेपर दुसऱ्या दिवशी येतो. वाचणारे तिघं-चौघं, त्यात बाई एकटी सत्यशीला. दहावीत गणितानं पाडलं म्हणून शाळा सुटली, वाचायचं सुटलं नाही. तिनं ती जाहिरात दोनदा वाचली. जनता म्हणजे आपणच, हे पहिल्या खेपेला तिच्या ध्यानातच आलं नाही. येणार कसं? आजवर जनता म्हणून बोलावलं ते सभेला, टाळ्या वाजवायला, खिचडीच्या पुड्यावर. तुमचं काय म्हणणं आहे, असं छापून कोणी विचारलं नव्हतं.

पेपरची घडी पदराखाली घालून ती सरळ तांड्याकडे निघाली. गाव आणि तांडा यांच्यात एक नाला आहे. दहा महिने झाले, तो नाला ओलांडून ती जमनाबाईच्या दारात गेली नव्हती. मीटिंगला दोघी दर मंगळवारी एका छपराखाली बसत, पण जमनाबाई तिच्याकडं न पाहता पैसे पुढं सरकवायची.

जमनाबाई अंगणात तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"जमनाबाई, एक काम होतं वं."

"हप्त्याचं असन तं मंगयवारी बोल."

"हप्त्याचं नाई. थ्या दिवसाचं हाय."

मग सूप थांबलं.

तो दिवस सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बोंडअळीनं कापूस खाल्ला ते साल. दिवाळी होऊन गेलेली. कंपनीच्या कर्जाची मीटिंग सत्यशीलाच्या घरापुढच्या टिनाच्या छपरात भरते, कारण केंद्रप्रमुख ती. पाच बायांचा एक गट, आठ गटांचं केंद्र, चाळीस बाया. कोणी शेळीसाठी घेतलं, कोणी शिलाई मशीनसाठी, कोणी नवऱ्याच्या दवाखान्यासाठी घेऊन कागदावर शेळी लिहिलं. रीत अशी की एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि सगळा पुरा होईस्तोवर कोणी उठायचं नाही. त्या मंगळवारी शीला आली नाही. मारेगावकडं वेचणीला मजुरी दोन रुपये किलोनं जास्त होती, तिकडं मुकादमाच्या गाडीत बसून गेली. तिचे सातशे चाळीस रुपये राहिले. बाकीच्या एकोणचाळीस जणींच्या गाठीला मिळून दोनशे निघाले.

आठला बसलेल्या बाया साडेबारापर्यंत बसल्या.

जमनाबाईची ममता बाळंतपणाला आलेली. पहाटेपासून पोटात दुखत होतं. जमनाबाई शेजारच्या रामीबाईला जवळ बसवून आली होती, अर्ध्या घंट्यात परत जाते म्हणून. दहा वाजता ती उठली. सत्यशीला दाराशी बसली होती. ती म्हणाली, "बस वं, दहाच मिनिटं. तू उठली का समद्या उठतीन. मंग पुढचं कर्ज कोनालेच नाई." जमनाबाई बसली. अकराला रामीबाईनं नाल्याच्या पलीकडून हाक मारली. जमनाबाई पुन्हा उठली. बसलेल्यांतल्या कोणी काही बोललं नाही. नुसतं पाहिलं. जमनाबाई पुन्हा बसली.

दोर नव्हता. कुलूप नव्हतं. वसुलीवाला पोरगा खुर्चीत बसून मोबाईल पाहत होता, त्यानं कोणावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. बायांनीच बायांना बसवून ठेवलं. ही रीत ज्यानं कोणी शोधली, तो माणूस फार हुशार असला पाहिजे आणि त्याच्या घरी कधी कोणी बाळंत झालं नसलं पाहिजे.

मीटिंग सुटल्यावर ऑटो केला; ममताची पोरगी त्यातच झाली, घाटंजीच्या अलीकडं चार किलोमीटर. नाळ मानेला होती. रडली नाही.

तेव्हापासून जमनाबाई सत्यशीलाशी बोलत नव्हती, आणि सत्यशीलाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बोलली असती तर जास्त वाईट वाटलं असतं.

आता सत्यशीलानं अंगणात उभं राहूनच ती जाहिरात वाचून दाखवली.

"कोन आयकते?" जमनाबाईनं विचारलं.

"मुंबईचे सायेब लोक. नियम थेच करतेत."

"आन आपन सांगतलं तं लिहितीन?"

"त्यासाठीच बोलावून राह्यले."

"तू सांग मंग. तुले बोलता येते. थ्या दिवशी लय चांगलं बोलली व्हती तू."

सत्यशीलानं ते गिळलं. "मी सांगीन. पन मी सांगतलं तं गोष्ट व्हते. तू सांगतलं तं खरं व्हते."

घरातून ममता बाहेर आली. दाराची चौकट धरून उभी राहिली. होळीला तिचा नवरा शाम हैदराबादहून येऊन गेला होता. आता सहावा सरला होता. या खेपेलाही ती आईकडं, याडीकडंच होती, कारण शाम सेंट्रिंगच्या कामावर आणि सासरी म्हातारी आंधळी. दिवस भरणार होते ऐन वेचणीत, म्हणजे ज्या दिवसांत बाया मीटिंग चुकवतात नेमक्या त्या दिवसांत.

"याडी, जा तू," ममता म्हणाली. "नियम झाला तं माह्या वक्ताले तुले उठू देतीन."

एवढंच. जमनाबाईनं सूप उलटं करून भिंतीला टेकवलं.

गुरुवारी दोन काळीपिवळ्या जीपा भरून बाया घाटंजीला निघाल्या. सत्यशीलाला वाटलं होतं दहाबारा येतील. एकोणचाळीस आल्या. त्यातल्या निम्म्या काय आहे ते पाहायला, आणि निम्म्या, न जाणो, हजेरी लागत असली तर, म्हणून. शीला पण आली. तिला या सगळ्याचा दोष तिच्यावर येतो हे माहीत होतं, म्हणून ती गाडीत सगळ्यात जास्त बडबडत होती.

"मुंबईची बाई हाय म्हनतेत. गोरीपान. एसीच्या गाडीत आली."

"तुह्या डोक्यावर एसी फिरव मनाव, लय तापलं हाय," सुखीबाई म्हणाली आणि बाया हसल्या.

जमनाबाई हसली नाही. तिचे ओठ हलत होते. तीन दिवस ती तेच पाठ करत होती. माह्या पोरीले दुखत व्हतं. मी दोनदा उठली. मले बसवलं. चार वाक्यं होती. चौथं तिला अजून जमत नव्हतं.

मंगल कार्यालयात लग्नाचा सांगाडा तसाच होता, स्टेजवर सिंहासनाच्या दोन खुर्च्या आणि मागं प्लास्टिकच्या फुलांचं बदक. बदकाच्या पोटावर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि त्यात इंग्रजी अक्षरं. खुर्च्यांच्या पहिल्या दोन ओळी कंपन्यांच्या माणसांनी भरल्या होत्या, गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, मांडीवर लॅपटॉप. मसुदा सत्तर पानांचा इंग्रजी. मराठीत दोन पानांचा सारांश, तोही दारातच संपला. सत्यशीलाला एक मिळाला, त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवलेला.

मागं भिंतीशी अश्वजित उभा होता. यांच्या केंद्राचा वसुलीवाला. फुलसावंगीचा पोरगा, बी.ए. झालेला, महिन्याला अकरा हजार पगार आणि वसुलीत खाडा पडला की त्यातून कापायचे. त्या दिवशी खुर्चीत मोबाईल पाहत बसला होता तो हाच.

"जयभीम ताई," तो पुटपुटला. "तुमी कायले आणलं समद्यायले?"

"जयभीम. जाहिरातीत बोलावलं व्हतं."

"कंपनीनं बी बोलावलं हाय. चार केंद्रं. खूश असलेल्या बाया आणा मनलं. तुमी त्यातल्या का इकडच्या, थे आता कोनाले समजनार?"

खुर्च्या पुरल्या नाहीत. बाया खाली सतरंजीवर बसल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण पाच-पाच जणींच्या रांगा लागल्या, ज्या गटाची जी जागा तिथंच. पदराखालून हप्त्याची पिवळी कार्डं निघाली आणि मांडीवर आली. सवय म्हणजे अशीच असते. बैल मेला तरी घरची बाई पाणी पाजायची बादली उचलते.

तासभर कंपन्यांची माणसं बोलली. हसतमुख, इंग्रजीत, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून घोट घेत. मग स्टेजवरच्या मुंबईच्या अधिकारी बाईनं माईक हातात घेतला. पन्नाशीची, खादीची साडी, चष्मा कपाळावर. बाई वाईट नव्हती. हे सांगायला पाहिजे, कारण वाईट असती तर सोपं गेलं असतं.

"आता मला या ताईंचं ऐकायचंय," ती म्हणाली. मराठी स्वच्छ, पुण्याकडचं. "घाबरू नका हं. तुम्ही कर्जदार नाही, आज तुम्ही आमच्या शिक्षक आहात. तुमची मीटिंग नेमकी कशी चालते? मी कागदावरच वाचलंय. अगदी नेहमीसारखी करून दाखवाल का?"

सत्यशीला सरसावून बसली. हेच तर पाहिजे होतं. सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. सुरुवातीपासून दाखवायचं. आधी शपथ, मग हप्ता गोळा करणं, मग एकीचा कमी पडला की काय होतं ते. बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहील, आणि तेव्हा जमनाबाई उठेल. बसल्या जागी तिनं सगळं मनात लावून घेतलं. तिची चूक काय ती एवढीच. मीटिंग शपथेनंच सुरू होते. चार वर्षांत एकदाही ती दुसऱ्या कशानं सुरू झाली नव्हती.

"केंद्र, उभे राहा," सत्यशीला म्हणाली.

एकोणचाळीस बाया उभ्या राहिल्या. उजवे हात पुढं झाले. आणि चाळीस तोंडांतून एकच आवाज निघाला, मंगल कार्यालयाच्या पत्र्याला आदळला:

"आम्ही शपथ घेतो की, आम्ही मीटिंगला वेळेवर येऊ. हप्ता वेळेवर भरू. एकीचा राहिला तर सगळ्या मिळून भरू. हप्ता पुरा झाल्याशिवाय आम्ही उठणार नाही. आम्ही आमच्या मर्जीनं कर्ज घेतलं आहे आणि आम्ही समाधानी आहोत."

जमनाबाईचा आवाज त्यात होता. तिच्या आधी सत्यशीलाचा होता, कारण पहिला शब्द केंद्रप्रमुखानंच उचलायचा असतो.

पहिल्या दोन ओळींनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. बाया खाली बसल्या, सत्यशीला उभीच. बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, तिचे डोळे ओले झाले होते. "किती शिस्त," ती शेजारच्याला म्हणाली, माईक चालू होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. शेजारच्यानं काहीतरी लिहिलं.

"मॅडम, आता पुढचं दाखवतो," सत्यशीला म्हणाली. "हप्ता कमी पडला का मंग..."

"हो, हो, पद्धत कळली. अजून चार केंद्रं आहेत हो, आणि मला यवतमाळ गाठायचंय." बाईनं घड्याळ पाहिलं. मग मायेनं, खरंच मायेनं, म्हणाली, "बरं, एक जण बोला. एकच मिनिट. कुणाला काही अडचण?"

सत्यशीलानं जमनाबाईकडं पाहिलं. जमनाबाई उठली.

"बोला आजी."

"माह्या पोरीले..." जमनाबाई म्हणाली.

पहिल्या दोन ओळी वळल्या. कंपन्यांची माणसं तिच्याकडं पाहू लागली. त्याचं तिला काही नव्हतं, साहेब लोकांनी पाहण्याची तिला सवय होती. पण खाली बसलेल्या बाया पाहू लागल्या. दसऱ्याला दुसऱ्या फेरीचं कर्ज सुटायचं होतं, चाळीसही जणींचं. सुखीबाईला शेळीच्या पैशात पोरीची फी भरायची होती. कोणी काही बोललं नाही. नुसतं पाहिलं.

"माह्या पोरीले दुखत व्हतं," जमनाबाई म्हणाली.

"कुणाला? तब्येतीचं आहे का? आरोग्याचा विषय वेगळा आहे आजी, तो आमच्याकडे नाही. कर्जाचं काही?"

जमनाबाईनं तोंड उघडलं. दुसरं वाक्य होतं तिच्याजवळ. तिसरंही होतं. 

"समदं बरोबर हाय," जमनाबाई म्हणाली आणि बसली.

पुन्हा टाळ्या झाल्या.

सत्यशीला उभीच राहिली. "बरोबर नाई! मॅडम, बरोबर नाई थे!" ती ओरडली. पण तोवर माईक दुसऱ्या केंद्राकडं गेला होता आणि तिथल्या चाळीस बाया उजवा हात पुढं करत होत्या. एक पोरगी लगबगीनं आली, सत्यशीलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकू, लेखी द्या ना. लेखीला जास्त महत्त्व असतं." आणि तिनं हातात एक फॉर्म दिला.

फॉर्मवर चार रकाने. कलम क्रमांक. मसुद्यातील मजकूर. सुचवलेला बदल. कारण.

कारण तिच्याजवळ होतं. बदल होता. कलम नव्हतं. दोन पानांच्या सारांशात कलमांचे आकडेच छापले नव्हते. फॉर्म गोळा करणारा टेबलावरचा माणूस म्हणाला, "पहिला रकाना रिकामा असला तर कॉम्प्युटर घेत नाही बाई."

ती भिंतीशी गेली. "अश्वजित, तुले इंग्रजी येते. उठू देत नाई, थ्याचं कलम कोनतं हाय, पाह्य नं रे."

अश्वजितनं इकडंतिकडं पाहिलं. साहेबाची पाठ होती. त्यानं मोबाईलवर सत्तर पानं उघडली, बोटानं सरकवत गेला. बराच वेळ गेला.

"अकरा," तो म्हणाला. "पन ताई, थे तं आधीच लिहिलेलं हाय."

"काय लिहिलं हाय?"

"कर्जदाराले जबरदस्तीनं अडवून ठेवता येनार नाई. ठेवलं तं दंड. साफ लिहिलं हाय." त्यानं स्क्रीन तिच्यापुढं धरली, जसं काही तिला ते इंग्रजी वाचता येणार होतं.

सत्यशीलाला क्षणभर समजेना की हसावं की काय करावं. "म्हंजे नियम हाय?"

"येनार हाय."

"मंग बंद होईन थे?"

अश्वजितनं मोबाईल खिशात घातला. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती, लाज होती, आणि लाज दयेपेक्षा खरी असते. "जबरदस्ती कोन करून राह्यलं ताई? मी केली थ्या दिवशी? मी तं खुर्चीतून हललो बी नाई. आता बाईपुढं तुमीच सांगतलं नं, आमी उठनार नाई, आमची मर्जी हाय. लिहून घेतलं त्याईनं. व्हिडिओ बी काढला. माह्या सायेबानं आताच व्हॉट्सॲपवर टाकला." मग तो म्हणाला, "हे कलम आमच्यावर नाई लागत आता. तुमीच सोडवलं आमाले."

तिनं फॉर्मवर अकरा लिहिलं. पुढच्या रकान्यात पेन टेकवलं. शपथ बंद करा, असं लिहायचं होतं. पण कारण काय लिहावं? चाळीस बायांनी कोणी न धमकावता, भरल्या सभेत, मोठ्यानं म्हटलेली शपथ खोटी आहे, हे चौथ्या रकान्याच्या दीड ओळीत कसं लिहायचं? मी दाराशी बसले होते, हे लिहायचं? मग टेबलावरचा माणूस म्हणणार, बाई, ही सूचना नाही, हा कबुलीजबाब आहे. तरी तिनं लिहिलं. बारीक अक्षरात, रकान्याच्या बाहेर, कागदाच्या काठानं वर चढत. ममताचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. फॉर्म दिला. त्या माणसानं तो गठ्ठ्यावर ठेवला, वर पाण्याची बाटली ठेवली, आणि तिच्याकडून हजेरीच्या कागदावर सही घेतली. त्या कागदावर मथळा छापलेला होता: सहमत असलेले सहभागी. तिनं तो सही झाल्यावर वाचला.

"हे सहमतीचं हाय," ती म्हणाली.

"एकच कागद आहे बाई. चहाचं बिल त्यावरच निघतं."

बायांना चहाबिस्कीट मिळालेलं होतं, त्यामुळं येताना काळीपिवळीत त्या खुशीत होत्या. शीलानं सगळ्यांना बाईच्या डोळ्यांतलं पाणी कसं दिसलं ते करून दाखवलं. "आपल्या शपथेनं रडवली वं मुंबईवालीले!" कोणी तिला गप्प केलं नाही. जमनाबाई खिडकीशी होती. तिचे ओठ आता हलत नव्हते.

नाल्यापाशी उतरल्यावर सत्यशीला तिच्या मागं मागं तांड्यापर्यंत गेली. जमनाबाईनं नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

ममता वाटेवर येऊन उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढं.

"सांगतलं?"

जमनाबाईनं चपला काढल्या. झटकल्या. एकीत खडा नव्हता, तरी झटकल्या.

"सांगतलं," ती म्हणाली.

"लिहून घेतलं?"

"हव. समदं लिहून घेतलं. टाया वाजवल्या."

ममतानं सत्यशीलाकडं पाहिलं. जाहिरात वाचणारी, शिकलेली, खरं काय ते सांगणारी बाई म्हणून पाहिलं. सत्यशीला म्हणाली, "घेतलं." आणि हे खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

"नियमात हाय आता? उठू देतीन म्हून?"

"हाय. अकरा नंबरचं कलम."

ममताच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तिनं पोटावर हात फिरवला, आईकडं वळली आणि, जसं बाजारातून काय आणलं विचारावं तसं, सहज विचारलं:

"मंग याडी, मी हाक मारली का तू उठून येशीन नं?"

जमनाबाई पाणी प्यायला आत गेली. ममता उत्तराची वाट पाहत सत्यशीलाकडं पाहू लागली.